मुक्काम पोस्ट ओमाहा

“अहो, तो माझा रन्झा आहे!”

ओमाहाच्या केंद्रीय न्यायालयातला त्याचा पहिलाच दिवस, आणि हा उंच, विस्कटलेल्या केसांचा प्राणी माझा डबा उघडून बसलेला! खिमा-कोबी भरलेल्या पावाचा शेवटचा घास हातात धरून तो क्षणभर गोंधळला... मग हसला.

“हरकत पहिल्या घासालाच घ्यायची, बाईसाहेब. वेळेवर घेतली नाही, की सोडून दिली असं धरतात. कोर्टाचा नियम आहे.”

“तो नियम दाव्याला उत्तर देणाऱ्यांसाठी आहे. चोरांसाठी नाही!”

हा कॅलम. माझ्यासारखाच आमच्या न्यायाधीशबाईंचा मदतनीस वकील, पण एका वर्षापुरता. ऑगस्ट संपला की परत ऑरेगॉनला. हे त्यानं आल्या आल्याच सांगितलं होतं, तरी मी वेडी रोज दोन रन्झे आणायला लागले.

जुलैत एक दावा आला. प्रतिवादी नेब्रास्काचा, वादी म्हणे आयोवाचा. दोघं वेगळ्या राज्यांचे, म्हणूनच दावा आमच्या कोर्टात. पण हा वादी कितीतरी वर्षं राहत होता ओमाहात, म्हणजे नेब्रास्कातच!

“गाडीची नंबरप्लेट आयोवाची आहे,” कॅलम म्हणाला. “आज ना उद्या परत जाईन म्हणतोय.”

“आणि परसात सफरचंदाची रोपं लावलीत, त्याचं काय? जाणारा माणूस सफरचंद लावतो होय?”

“लावेल एखादा हौशी.”

“नाही लावत!” माझा आवाज उगाचच चढला. “जाणारे लोक साधी कुंडीसुद्धा घेत नाहीत, कॅलम.”

त्याच्या टेबलावर खरंच एकही कुंडी नव्हती. त्यानं एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

न्यायाधीशबाईंना माझं पटलं. इरादा इथेच राहायचा, म्हणजे वादीही नेब्रास्काचाच. राज्याच्या कोर्टात जा म्हणून त्यांनी दावा काढून टाकला. माझं म्हणणं खरं ठरलं, आणि घरी येऊन मी मनसोक्त रडले.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दारावर टकटक झाली. दारात कॅलम — शर्टाला माती, कवेत सफरचंदाचं रोप.

“विमान चुकलं वाटतं?” मी कसंबसं विचारलं.

“तिकीटच नाही काढलं. इथेच नोकरी धरली. हे... तुझ्या परसात लावू?”

“फळ यायला चार-पाच वर्षं लागतात.”

“ठाऊक आहे, म्हणून तर आणलं. मार्टा, मला तू आवडतेस. फार आवडतेस. हरकत असेल तर आत्ताच घे — नंतर ऐकून घेणार नाही.”

मी दारामागचं फावडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.