खिंडीतलं हवामान

बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आला की मीनल समजायची, नवरा उडायला निघाला. चार सीटचं जुनं विमान, तेही सहा जणांत मिळून घेतलेलं. त्यात काहीही चढवायचं तर आधी काट्यावर ठेवायचं, हा जयंतचा नेम. त्या शुक्रवारी त्याने दियाची सॅक ठेवली तर ती नऊ किलो भरली, आणि तळातून चिवड्याचा मोठा डबा निघाला.

"अगं, स्कॉटलंडला काय उपाशी मरणार आहोत आम्ही?"

"डोंगरात काय मिळतं ते मला ठाऊक आहे," मीनल म्हणाली. "डबा राहू दे. वजन कमी करायचंय तर आधी स्वतःचं पोट बघ."

दिया खो खो हसली. सतरा वर्षांची पोर, विलायतेतच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं, परीक्षा नुकत्याच संपलेल्या. बक्षीस म्हणून तिने फोन मागितला नाही, कपडे मागितले नाहीत. तिने मागितली हायलँड्समधली ती धावपट्टी. आणि तिला नाही म्हणायला जयंतला तोंड कुठे होतं? दोन वर्षं ईलिंगच्या गणपतीपासून मेडनहेडच्या बार्बेक्यूपर्यंत त्या धावपट्टीच्या बढाया त्यानेच मारल्या होत्या. खिंडीतून कसं जायचं, पलीकडे एकदम तळं कसं दिसतं, तळ्याकाठी गवताची चिंचोळी पट्टी आणि त्यावर चरणारी मेंढरं. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

अशा खासगी धावपट्टीवर उतरायचं तर मालकाला आधी फोन करावा लागतो. मालकीण मोराग सत्तरीची, एकटी राहणारी. गेल्या दोन वर्षांपासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत विमानाचा रेडिओ ठेवून दिवसभर ऐकत बसायची.

"या की," ती म्हणाली. "तुमचा आवाज तर मी नेहमीच ऐकते."

"माझा? मी दोन वर्षांत तिकडे फिरकलोही नाही."

"मग तुमच्यासारखाच कुणी असेल. खिंडीवर ढग बसला की बोलतो. 'नो प्रॉब्लेम. ढग अडीच हजार फुटांवर आहे, सगळं छान दिसतंय.' आणि इथे मला अंगणातली मेंढी दिसत नसते! मी म्हणते, हा बाबा बोलतोय तरी कुठून?"

जयंत हसला. म्हणजे हसल्यासारखा आवाज काढला. आणि फोन ठेवला.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगायलाच हवं.

तो सप्टेंबर होता आणि जयंत एकटाच होता. त्याच्या लायसन्सला ढगात शिरायची परवानगी नव्हती. पण "हायलँड्स करून येतो" असं पन्नास जणांना सांगून निघालेला माणूस खिंडीच्या तोंडाशी ढग बघून परत फिरेल? तो शिरला. चार मिनिटं त्याला पंखाचं टोक दिसलं नाही. जीव मुठीत धरून, आठवेल त्या देवाचं नाव घेत तो पलीकडे निघाला, तेव्हा डाव्या हाताला डोंगर इतका जवळ होता की झुडपांची जांभळी फुलं मोजता आली असती.

आणि नेमकं तेव्हा रेडिओवर कुणीतरी विचारलं.

तिथली रीतच ती आहे. दुर्गम धावपट्ट्यांवर विमानांना सूचना देणारा टॉवर नसतो. सगळ्यांनी मिळून वापरायची एकच फ्रीक्वेन्सी असते. आपण कुठे आहोत ते रिकाम्या हवेला सांगायचं. कुणी ऐकत असेल आणि काही विचारेल, तर खरं ते उत्तर द्यायचं. त्यावर माणसं जगतात.

बाईचा आवाज होता, हसरा. "खिंडीतून आत्ता कुणी गेलंय का? ढग कसा आहे?"

 ढग जमिनीला टेकलाय, असं सांगितलं तर मग तू कसा आलास, हा प्रश्न आलाच असता. जयंतने घसा खाकरला आणि ऑफिसात, घरात, सगळीकडे म्हणायची सवय होती तेच म्हणाला. "नो प्रॉब्लेम. ढग अडीच हजार फुटांवर. सगळं छान दिसतंय."

"थँक यू! किटली चढवून ठेवा."

ती आली नाही. कर्स्टी तिचं नाव, तीस वर्षांची, बेटाबेटांवर उडत जाऊन गाईगुरांना तपासणारी डॉक्टर. चार दिवसांनी ती डोंगराच्या उतारावर सापडली. अपघाताच्या चौकशीवाल्यांनी जयंतला फोन केला होता. रेडिओवर काही ऐकलंत का? नाही, तो म्हणाला, काहीच नाही. इतक्या अनुभवी वैमानिकाने ढगात शिरण्याचं कारण समजू शकलं नाही, असं अहवालात आलं. करून सवरून जयंत नामानिराळा राहिला. अहवाल त्याने एकदाच वाचला, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये बसून, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्याला आरशात बघून दाढी करणं जड गेलं.

आणि आता मोरागचं हे असं.

जयंत सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती चूक चूकच नव्हे, असं तो ज्युनिअर पोरांना सांगायचा. कुणाच्या तरी यंत्रात ते रेकॉर्ड झालं असेल, कुणी खोडसाळ वाजवत असेल, म्हातारीला ऐकायला कमी येत असेल. अशी तीन कारणं शोधून तो झोपला.

शनिवारी वाटेत एकदा पेट्रोल भरून ते पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा विमानतळावर मुक्कामाला उतरले. टॉवरमधला माणूस सही घेताना थबकला.

"परवा इकडेच होतात ना तुम्ही? आवाज ओळखीचा वाटला."

"नाही," जयंत म्हणाला.

"बाबाचा आवाज सगळ्यांना ओळखीचा वाटते," दिया म्हणाली. "ही टॉक्स टू मच."

माणूस हसला. जयंतने सही केली ती रेघेच्या बाहेर गेली.

रविवारी सकाळी आकाश निळंभोर होतं. खाली रस्ता नाही, घर नाही. काळ्या दलदलीत पाण्याची डबकी चमकत होती, हरणांचा एक कळप विमानाच्या आवाजाने उतारावरून पळाला. इंजिन इथे बंद पडलं तर उतरायला टेबलाएवढी सपाट जागा मिळाली नसती. दिया डावीकडे बसली होती, कंट्रोल्स तिच्या हातात. तिचे स्वतःचे फ्लाइंगचे धडे चालू होते आणि हात बापापेक्षा हलका होता. जयंतला तिचा अभिमान वाटला. तो अभिमान वाटायची आपली लायकी नाही, असंही लगेच वाटलं.

खिंडीचं तोंड दिसलं. दोन काळे कडे, मध्ये फट. अलीकडे स्वच्छ ऊन. फटीच्या आत मात्र पांढुरकं काहीतरी, दुधावर साय धरावी तसं.

दियाने रेडिओवर रीतीप्रमाणे सांगितलं: आम्ही दोघं, खिंडीच्या पश्चिमेला, पलीकडे उतरायला येतोय. मग तिने आपण होऊन विचारलं, "पलीकडे कुणी आहे का? ढग कसा आहे?"

 जयंतने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

रेडिओ खरखरला. कुणीतरी घसा खाकरला.

"नो प्रॉब्लेम. ढग अडीच हजार फुटांवर. सगळं छान दिसतंय."

दिया खुदकन हसली. "बाबा! कसा केलास ते?" तिने वळून पाहिलं. बाटली अजून त्याच्या ओठांना लागलेली होती. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं.

तिचं हसू मावळलं. "तू नव्हता?"

"वळ."

"पण ही सेड इट्स क्लिअर. कोणीतरी पलीकडे—"

"दिया, वळ म्हणतो ना! तो खोटं बोलतोय!"

"तुला कसा माहीत?"

या दोन वाक्यांत उशीर झाला. साय एकदम पुढे आली आणि काचेला चिकटली.

सगळं पांढरं. पंख गेले. ऊन गेलं.

जयंतने कंट्रोल्स घेतले. डोळे उंची आणि दिशा दाखवणाऱ्या घड्याळांवर. डावीकडे वळण, सावकाश, सावकाश.  दियाने त्याची बाही पकडली, लहानपणी रस्ता ओलांडताना पकडायची तशी.

रेडिओवर तो बोलतच होता. छान दिसतंय. सगळं छान दिसतंय.

खाली ढगात क्षणभर फट पडली, त्यातून ओला कडा वर आला आणि चाकांखालून निघून गेला.

मग ऊन.

 तळी, दलदल, हरणं, सगळं होतं तिथेच होतं. जयंतने सांगायला सुरुवात केली, कारण आता न सांगणं त्याला झेपेना. सप्टेंबर सांगितला, कर्स्टी सांगितली, किटली सांगितली, चौकशीवाल्यांचा फोन सांगितला. मराठीतच सांगितलं. इंग्लिशमध्ये ते सगळं फार सरळसोट ऐकू आलं असतं.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"कोणालाच सांगितला नाहीस?"

"नाही."

दिया खिडकीबाहेर बघत राहिली. तिने बाही सोडली होती. तिने कधी सोडली ते जयंतच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सोमवारी फोन करतो त्यांना," तो म्हणाला. "शपथ. सगळं सांगतो."

किनारा दिसला. टॉवरमधल्या माणसाने रेडिओवर स्वागत केलं आणि सहज विचारलं, "लवकर परतलात! खिंडीपर्यंत गेला होतात ना? कसं आहे वर?"

जयंतचा अंगठा रेडिओच्या बटणावर होता. एक वाक्य. ढग जमिनीला टेकलाय, आम्ही त्यात सापडलो होतो, कुणाला जाऊ देऊ नका. मग विचारणा. मग लायसन्स. मग कुणीतरी जुनी फाइल उघडणार, हा माणूस त्याही दिवशी तिथेच होता म्हणणार. सोमवारी सांगायचंच आहे. सोमवारी. अंगठा हलला नाही.

दियाने त्याच्याकडे पाहिलं. सगळं समजल्यासारखं पाहिलं. मग स्वतःचं बटण दाबलं.

"नो प्रॉब्लेम," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, हसरा. "ढग अडीच हजार फुटांवर. वर सगळं छान दिसतंय."

"थँक यू," टॉवर म्हणाला.

"दिया!"

"तुझा लायसन्स जाईल ना," ती पुटपुटली. "आणि आता हवेत दुसरं कोणी नाही आहे. मी तुझ्यासाठी बोलला."

जयंतने तिला रागवायला हवं होतं. निदान बटण दाबून तिचं वाक्य पुसायला हवं होतं. त्याने विमान उतरवलं. आणि चाकं टेकली तेव्हा त्याला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं. ते त्याने नंतर स्वतःशी कितीही नाकारलं तरी खरं होतं.

विमानतळाच्या कॅफेत त्याने तिच्यासाठी हॉट चॉकलेट आणि टोस्ट मागवला. तिने चिवड्याचा डबा उघडला आणि टोस्टवर चिवडा पसरून खायला लागली. फोन वाजला. मोराग.

"तुम्ही आला नाहीत. मी चहाबरोबर खायला स्कोन भाजून बसले होते."

"मिसेस मोराग, माफ करा. मला तुम्हाला एक सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी—"

"आधी माझं ऐका," ती म्हणाली. तिच्या आवाजात म्हातारपणाचा गोडवा उरला नव्हता. "तो तुमच्यासारखा आवाज बंद झाला. ढग सकाळपासून खिंडीत बसलाय, पण गेल्या तासाभरात तो एकदाही बोलला नाही."

जयंतने डोळे मिटले. छातीवरचा धोंडा उतरला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने भरून श्वास घेतला.

"आता दुसरंच कुणीतरी बोलतंय," मोराग म्हणाली. "थांबा, रेडिओ फोनजवळ धरते."

खरखर. मग एका बाईचा आवाज.

"नो प्रॉब्लेम. ढग अडीच हजार फुटांवर. वर सगळं छान दिसतंय."

उच्चार दियाचे होते. शब्दाच्या शेवटी तिचा आवाज जरा वर जायचा, तसाच तो गेला. पण आवाज घोगरा होता, दमलेला होता, पन्नाशी उलटलेल्या बाईचा होता. हेच एक वाक्य म्हणता म्हणता तिची सगळी वर्षं निघून गेली असावीत, असा होता.

समोर दियाने ओठावरचं चॉकलेट जिभेने पुसलं आणि टोस्टचा शेवटचा तुकडा त्याच्या बशीत ठेवला.