कॅमेऱ्यातली रांगोळी

निवृत्तीनंतर माणसाने स्वस्थ बसावं की नाही? पण शांतारामरावांना नेमकं तेवढंच जमत नसे. छत्तीस वर्षं दिल्लीत सरकारी नोकरी करून २००७ साली त्यांनी फरीदाबादच्या नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मजल्यावरचे बाकीचे तीन फ्लॅट रिकामेच होते. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी दारावरच्या कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

"पुन्हा असं झालं तर मी चालले सांगलीला, भावाकडे," सुमित्राबाईंनी जाहीर केलं. "इथे हाक मारायला माणूस नाही."

बायकोशिवाय शांतारामरावांना चहासुद्धा गोड लागत नसे. त्यांनी कुणी तोंड फिरवलं तर ओळखणारा कॅमेरा आणून स्वतःच बसवला. बटण दाबलं की तो समोरचं चित्र लक्षात ठेवी. ते अर्धा मिनिट बरंच बदललेलं दिसलं की घरात भोंगा. कुणी नुसतं येऊन गेलं तर गप्प.

"बिल्कुल पक्कं काम!" म्हणत त्यांनी मुहूर्त पाहून, सुमित्राबाईंची रांगोळी झाल्यावर बटण दाबलं. मोठ्ठं कमळ, टीव्हीवर पाहिलं तर अख्खा पडदा भरून. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पुसलं आणि भोंग्याने घर डोक्यावर घेतलं.

"अहो, हा घराचा पहारा करतोय की रांगोळीचा?" त्या पोट धरून हसल्या, आणि बटण पुन्हा दाबू न देता, भोंगा वाजत असतानाच रोज तेच कमळ काढू लागल्या.

महिन्याभराने त्या न्हाणीघरात घसरल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं, रांगोळी बंद झाली. जुनं कमळ पुसून शांतारामराव कानात बोटं घालून भोंग्याची वाट पाहत बसले. तो वाजेना. टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं, तर कमळ जागच्या जागी. दार उघडलं, तर फरशी कोरी. चित्र अडकलं असेल म्हणून त्यांनी बाहेर चप्पल ठेवली. पडद्यावर ती चप्पल कमळाच्या पाकळीवर दिसली.

त्यांनी घाईने दार लावून घेतलं. सुमित्राबाई मात्र खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसल्या.

"डावीकडची पाकळी बारीक झालीय गं," त्या पडद्याला म्हणाल्या.

सकाळी पडद्यावर ती पाकळी भरली होती.

"बघा, ऐकते पोरगी!" त्या टाळी द्यायला गेल्या आणि प्लास्टर आठवून थांबल्या. "सांगली राहू दे आता. मला सोबत आहे."

शांतारामराव घाबरले होते, आणि त्यांना आनंदही झाला होता. बायको राहणार होती. त्यांनी खोलात जायचं टाळलं.

रविवारी सकाळी भोंगा वाजला.

पडद्यावर कमळ नव्हतं. नुसती फरशी.

ते बाहेर गेले. जिन्यापर्यंत कुणी नव्हतं. मागे दार लागलं.

"अगं, उघड!"

"थांबा हो जरा," स्वयंपाकघरातून, लांबून, सुमित्राबाईंचा खुशीतला आवाज आला. "आम्ही बायका बोलत बसलोय."

आणि दाराच्या अगदी पलीकडून, कुणीतरी कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं.