मेसाईला दोनदा विचारलं

या, असे पुढं सरका. टाळ जरा खाली ठेवा. बुवा अजून येरमाळ्याच्या एस.टी.तून उतरले नाहीत, तोवर घटकाभर माझं ऐका. देवाची कथा बुवा सांगतील, त्यांच्याइतका गोड गळा मला नाही. मी एका पोराची सांगतो. तिच्यातली चूक माझी आहे, म्हणून ती मीच सांगायला हवी.

मी सतरा वर्षं फौजेत आग्र्याला होतो. बंदूक फारशी हातात आली नाही. विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या छत्र्यांच्या घड्या घालायचं काम. लांबलचक टेबल, त्यावर छत्री पसरायची, एकेक दोरी बोटांनी चाचपायची, घडीवर घडी बसवायची आणि शेवटी कार्डावर सही करायची. साहेब म्हणेल तेव्हा आपण भरलेली छत्री आपणच पाठीला बांधून उडी मारायची, असा तिथला रिवाज होता. मी तोंडानं अभंग म्हणत घड्या घालायचो. सतरा वर्षांत माझी एकही छत्री फसली नाही.

पेन्शन घेऊन गावी आलो आणि शिलाईचं दुकान टाकलं. वाशीपासून दोन कोसांवर आमचं गाव. शेजारी धुरपदाबाई, माझी मानलेली बहीण. तिचा एकुलता एक बिभीषण लहानपणापासून दुकानात बसून माझ्या फौजेच्या गोष्टी ऐकायचा. पुढं तो पुण्याला कारखान्यात फिटर झाला आणि रविवारी हौशी लोकांच्या क्लबात उड्या मारायला लागला. पगारी नव्हे, नुसती हौस. ती हौस त्याच्या डोक्यात मी घातली.

शहाऐंशी सालचा चैत्र. दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. तळ्याचा तळ पायाच्या पंजाएवढ्या भेगांनी फाटला होता. गावाला चौथ्या दिवशी टँकर यायचा. सहकारी दूध संघात दूध नव्हतं, पण निवडणूक होती. चेअरमन नानासाहेबांनी टूम काढली की, सभेच्या दिवशी आपल्या गावचा पोरगा आभाळातून उतरेल आणि स्टेजपुढं चुन्यानं आखलेल्या गोलात पाय टेकेल. सोलापूरहून लहान विमान ठरलं.

बिभीषण दोन छत्र्या घेऊन आला. एक जुनी, गोल. ती सरळ खाली येते, वारा नेईल तिकडं थोडी वाहते, पाय जोरात आपटतात, पण माणूस जगतो. दुसरी नवी, चौकोनी. तिला सात खण. पुढून हवा भरली की गादीसारखी फुगते आणि दोन्ही हातांतल्या दोऱ्यांनी हवी तशी वळते. रुपयावर उतरायचं म्हटलं तर रुपयावर उतरवते. पण जमिनीजवळ हवा फिरली, की ती मिटते.

"चैताच्या उन्हात तळ्यातनं वावटळी उठतात," मी म्हणालो. "गोलच घे."

"मामा, गोल म्हंजी बैलगाडी. बसायचं आन् जाईल तिकडं जायचं."

"बैलगाडीत कुणी मेलंय का रं?"

"तुमच्या मेव्हण्याचा पाय मोडला की!"

नानासाहेब हसले. "व्यंकटराव, गोल छत्रीनं पोरगं उतरायचं भूमच्या बाजारात. मग मी हार घालू कुणाला? तुमाला?"

धुरपदाबाई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? मेसाईला इचारा. ती सांगंल ते खरं."

तळ्याच्या बांधावर मेसाईचं ठाणं आहे. शेंदरी शिळा, वर पत्रा. तिथं कौल लावायची आमची रीत अशी: जोंधळ्याचे दोन दाणे ओले करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायचे. जो आधी पडेल तो तिचा शब्द. गुरव रोजगार हमीवर खडी फोडायला गेला होता, म्हणून दाणे मी लावले. उजवा गोल छत्रीचा, डावा चौकोनीचा.

वारा पडलेला होता. थोड्या वेळानं उजवा दाणा पडला.

मी हात जोडले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

"असा कसा पडला?" नानासाहेब म्हणाले. "धक्का लागला असंल. परत लावा."

"दुसऱ्यांदा न्हाय इचारायचं," धुरपदाबाई म्हणाली. "आई काय बहिरी हाय व्हय?"

ती खरं बोलत होती. एका गोष्टीसाठी कौल एकदाच. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

बिभीषणानं माझ्याकडं पाहिलं. जत्रेत खेळण्यापुढं उभं राहिलेलं लेकरू पाहतं तसं. "लावा की, मामा. येकदा."

मी दाणे पुन्हा ओले केले. उजवा अंमळ दाबून लावला. माझ्या नकळत लावला गेला, असं मी आता म्हणणार नाही.

हात मागं घ्यायच्या आत डावा दाणा पडला. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं, आणि बोटांना शिळा गार लागली. रांजणाच्या बुडासारखी गार.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर मी दोन्ही छत्र्या भरल्या. गोल छत्रीच्या तिसऱ्या पाकळीला, म्हणजे कापडाच्या एका पट्ट्याला, बारीक भोक होतं, तिथं ठिगळ लावलं. दोन्ही कार्डांवर उतरणाऱ्याच्या जागी बिभीषणाचं नाव घातलं, खाली सही केली. चौकोनी त्याच्या हवाली केली. गोल माझ्या दुकानातल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

सकाळी दुकान झाडताना पेटी सरकवावी म्हटलं, तर सरकेना. छत्रीचं वजन बारा किलो, पेटी हलक्या पत्र्याची. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा हातभर हलली. पेटीच्या एका बाजूला हात लागला. ती कोमट होती, झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी. वरचा पत्रा तापला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सूर्य अजून पुरता वर आला नव्हता.

सभेचं स्टेज कोरड्या तळ्यातच घातलं होतं. अकराच्या सुमाराला तिथं दोनेक हजार माणूस जमलं. पाहुण्यांसाठी तीन टँकर उभे होते. विमान आलं, गिरकी घेऊन वर गेलं. त्यातून एक ठिपका सुटला. रंगीत चौकोनी छत्री उघडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पुन्हा टाळ्या वाजल्या.

मी वर पाहिलं. तिच्या मागं, थोडी वर, पांढरी गोल छत्री होती. तिच्याखाली माणूस लटकत होता.

धोतरानं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. ठिगळ मीच लावलेलं, तिसऱ्या पाकळीवर. ठिगळ दिसत होतं.

चौकोनी छत्री वळणं घेत खाली आली. चुन्याच्या गोलाच्या अगदी वर आली. तेवढ्यात तळातून धुळीचा खांब उठला. छत्रीची एक बाजू मिटली, मग दुसरी. पोटावरची राखीव छत्री त्यानं ओढलीही असेल. चाळीस फुटांवर ती काय करणार?

आवाज फार मोठा झाला नाही.

सगळं माणूस तिकडं पळालं. मीही पळालो. बिभीषण बरोबर चुन्याच्या गोलात पडला होता. नानासाहेबांच्या हातात हार तसाच होता. त्यांनी तो त्याच्याच अंगावर ठेवला.

धुरपदाबाई आमच्यात नव्हती. ती पाठ करून बांधाकडं चालली होती. सावकाश. पदर सावरत, पाहुणा घ्यायला निघाल्यासारखी.

पायलट शपथेवर म्हणाला, उडी एकानंच मारली. गावात कुणी एक छत्री पाहिली, कुणी दोन. संध्याकाळी मी बांधापलीकडं गेलो. मऊ धुळीत बुटांचे दोन खोल ठसे होते, वरून आपटल्यासारखे. तिथवर येणारं एकही पाऊल नव्हतं. तिथून पावलं निघाली होती आणि भूमच्या वाटेला लागली होती.

दुकानाचं कुलूप जसंच्या तसं होतं. पेटी एका हातानं हलली. छत्री माझ्याच घडीत होती, घडीवर बांधलेला दोरा तुटलेला नव्हता. फक्त मांडीचे पट्टे आवळलेले होते, आणि आतून घामानं ओले.

नानासाहेब निवडून आले. शोकसभेत चांगलं बोलले.

धुरपदाबाई रडली नाही. लेकाच्या तेराव्यालासुद्धा तिनं कुंकवाच्या बोटानं माझ्या कपाळाला टिळा लावला, सणाला लावतात तसा. मी तिचे पाय धरले. म्हणालो, "बाई, मला शिव्या तरी दे."

"कशापायी?" ती म्हणाली. "धडधाकट उतरला की. भेटला मला बांधावर. घरी चल म्हणलं, तर येईना."

"काय म्हणाला?"

तिनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

"म्हणला, त्या तिथं गर्दी कशाची गं? म्हणलं, मला काय ठावं. तर म्हणला, व्यंकटमामाला इचार, दोघांतला मी कोणता."

त्यानंतर तीन वर्षांनी ती गेली. मी दुकान मोडलं, त्या छत्र्या क्लबाला परत पाठवल्या. मेसाईपुढं मी रोज जातो, पण काही विचारत नाही.

बघा, बुवा आले वाटतं. उठा, टाळ घ्या. एवढं एकच मागणं आहे. कीर्तन संपल्यावर गेलेल्यांची नावं घ्याल, तेव्हा माझ्या बिभीषणाची आठवण ठेवा. त्याचं नाव मात्र हळू घ्या. मागच्या वर्षी मी मोठ्यानं घेतलं, तर मंडपाच्या बाहेरून कुणीतरी 'ओ' दिली.