बत्तिसावी चिठ्ठी

या, बसा. ती समोरची खुर्ची घ्या. माझ्या पायाखालचं स्टूल मात्र हलवू नका, गुडघ्याने दुपारपासून संप पुकारलाय. दिव्याची वात जरा वर करा. वीज गेली आहे, आता तासभर तरी ती काही येत नाही.

डबा न्यायला आलात ना? तो काय, टेबलावर. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला पोचा आलेला. उद्यापासून माझा वर्ग तुमचा, तेव्हा डबाही तुमचाच. पण नुसता डबा हातात ठेवला आणि त्याचं काय झालं ते सांगितलं नाही, तर मला चैन पडायची नाही.

युद्धावरची ती जाड कादंबरी तुम्हालाही शिकवायची आहे. वेढा पडलेल्या गावात एक मुलगी आईबरोबर राहते. संचारबंदीच्या एका संध्याकाळी दार वाजतं. ती उघडत नाही. सकाळी पायरीवर कुणी नसतं, आणि दाराबाहेर कोण होतं ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. परीक्षेतला मोठा प्रश्न दरवर्षी याच जागेवरचा असतो.

मुलांना आशयसूत्र विचारा, ती एक शब्द फेकून मोकळी होतात. ‘भीती’. ‘त्याग’. मी म्हणायचे, बाळांनो, हा झाला विषय, मला विधान हवंय. पूर्ण वाक्य, आणि असं वाक्य की ज्याला कुणीतरी ‘नाही’ म्हणू शकेल. ‘युद्ध वाईट असतं’ याला कोण नाही म्हणणार? मग प्रत्येकाने आपलं विधान चिठ्ठीवर लिहायचं, खाली पान क्रमांक, नाव नाही. नाव दिसलं की मुलं विधानाला सोडून माणसाशी भांडतात. चिठ्ठ्या डब्यात जायच्या, मी मोठ्याने वाचायची, आणि वर्ग डोक्यावर घ्यायचं काम मुलांचं. जिला आधार नसेल त्या चिठ्ठीवर मी लाल पेनने ‘पुरावा द्या’ लिहून ती परत डब्यात टाकायची. डबा कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. पुढच्या तासाला डबा वर्गात फिरायचा, ज्याची चिठ्ठी त्याने खाली उत्तर लिहायचं.

सव्वीस वर्षं मी हा तास एकाच विधानाने संपवला. सैनिक पोचण्याआधीच भीती घरांची दारं बंद करते, असं. मुलं माना डोलावत उतरवून घ्यायची. ते वाक्य मला फार सोयीचं होतं.

गेल्या हिवाळ्यात वर्गात एकतीस मुलं होती. चिठ्ठ्या निघाल्या बत्तीस. मी दोनदा मोजल्या. एखादी कमी भरते, कामचुकार कुठल्या वर्गात नसतात, पण जास्तीची कधी निघाली नव्हती. शेवटची पेन्सिलीने लिहिलेली होती. ‘तिने दार उघडलं नाही, कारण तिने आवाज ओळखला होता.’

मी ती मोठ्याने वाचली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिला सगळे वकील म्हणायचे, आणि ती त्या नावाला जागायची.

“बाई, कुणी का लिहिलं असेना, पण भारी आहे. सगळं पुस्तकच फिरतं यामुळे.”

“पान क्रमांक कुठेय?” मी म्हणाले.

“मग मागा ना पुरावा.”

मी मागितला. सवयीने लाल पेन उचललं, दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी डब्यात टाकली. आपण पुरावा कुणाकडे मागतोय, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

संध्याकाळी या घरी आले. मी जन्मापासून इथेच राहते. आईला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. एक ताट, एक पेला, एक उशी. सुट्टी लागली की आवाज शाबूत आहे ना हे बघायला मी भिंतीशी दोन वाक्यं बोलायची. फार एकटं वाटायचं हो, तुमच्यापासून काय लपवायचं. त्या दिवशी कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर बोळात ओल्या लोकरीचा वास होता. घरात लोकरीचं काही ओलं नव्हतं. पाऊसही नव्हता.

तिसऱ्या दिवशी वर्गात शिरून मी डबा उघडला. अजून तो कुणाच्या हातातही गेला नव्हता. माझ्या लाल अक्षरांखाली पेन्सिलीने उत्तर आलं होतं. ‘तीन टकटक. थांबून, नखाने एक.’

वकील पुढे येऊन उभी राहिली. “बाई, बरं वाटत नाहीये का?” मग तिने चिठ्ठी वाचली. “हे पुस्तकात कुठेच नाही. तिथे नुसतं ‘दार वाजलं’ एवढंच आहे. बाद करा.”

“हो,” मी म्हणाले. “बाद.”

पुस्तकात नव्हतंच ते. आमच्या घरातलं होतं. माझा दादा तसं दार वाजवायचा, तीन टकटक घरासाठी आणि नखाने एक माझ्यासाठी. युद्ध सुरू झालं आणि लोकरीचा डगला चढवून त्याला पलटणीत नेलं. तो एकोणीसचा, मी पंधराची. पलटणीतून पळून आलेल्या एका पोराला लपवलं म्हणून समोरच्या शिंप्याला बायकोसकट उचललं, ती दोघं परत दिसली नाहीत. त्यानंतर आठवड्याने, संचारबंदी लागल्यावर, आई तापाने निपचित पडलेली असताना आमचं दार वाजलं. तीन. मग एक. आणि दबका आवाज... “छोटे... मी आहे गं...”

मी दिवा विझवला आणि तोंडावर हात दाबून बसले. सकाळी आईने विचारलं, कुणी आलं होतं का गं? मी म्हटलं, वारा होता. महिन्याने ‘बेपत्ता’ असं पत्र आलं. आई सोळा वर्षं दाराकडे डोळे लावून गेली, आणि मी तिला शेवटपर्यंत काही बोलले नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात थांबले. बाहेर अंधारून आलं होतं. लांबच्या खोल्यांमधून शिपाई एकेक खिडकी लावत चालला होता, तेवढाच आवाज. मी कोरी चिठ्ठी घेतली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं खरं विधान लिहिलं. ‘मी आवाज ओळखला, आणि स्वतःचा जीव वाचवायला दादाला बाहेर ठेवलं.’ डबा बंद केला, कपाटाला कुलूप लावलं. तेवढ्यात माझ्या मागे ओल्या लोकरीचा वास आला... अगदी जवळ. मी वळले नाही. तेव्हाही धीर झाला नाही माझा.

सकाळी चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ‘प्रतिवाद. कडी लावलेली नव्हती.’

दादाने दार वाजवलं त्या संध्याकाळी मी अंगणातून कोळसे आणले होते. दोन्ही हात भरलेले, म्हणून दार पायाने लोटलं. नंतर कडी लावली का... पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. आठवलं ते आईचं. तापातून उठल्यापासून ती मागच्या खोलीचं दार ओढून ठेवायची. गारवा येतो गं तिथून, म्हणायची. भर उन्हाळ्यातही म्हणायची. म्हणजे दादा त्या रात्री बाहेर राहिलाच नव्हता.

त्यानंतर जास्तीची चिठ्ठी निघाली नाही. तुमच्या वर्गातही निघणार नाही, काळजी करू नका. मी आता ताटं दोन घेते. रागावला असेल का तो माझ्यावर, एवढंच कळत नाही. बोलत नाही काही. आणि मला तो अजून एकदाही दिसलेला नाही.

डबा उचला, तुम्हाला लांब जायचंय. फक्त एक विचारते, राग मानू नका. मघाशी तुम्ही दार वाजवलंत. मग बोळात कुणाला तरी ‘थँक्यू’ म्हणालात, ते मी इथून ऐकलं. मी तर दुपारपासून या खुर्चीतून उठलेली नाही...

कसा दिसतो हो तो? अजून एकोणीसचाच आहे का?