निघण्याआधीची फेरी

देवाला साक्षी ठेवून सांगते, यात पदरचा एक शब्द नाही.

काका जाऊन महिना झाला होता. रविवारची संध्याकाळ, उन्हं अजून रेंगाळत होती. त्यांच्या आठवणी सांगायला घरी माणसं जमली होती... त्यांच्या पंपांच्या कारखान्यातले फोरमन, होडी वल्हवणारे दोस्त, आणि युद्धात त्यांच्याबरोबर विमान उडवलेले एक म्हातारे मित्र.

काकू माझ्या शेजारी बसली होती. महिनाभर ती दोन घासांवर जगत होती.

मित्र सांगत होते, "उड्डाणाआधी हा विमानाभोवती फेरी मारायचा. पंख, शेपूट, चाकं... प्रत्येकावर दोन थापा. पुढे होडीला तेच, सायकललाही तेच."

"आमच्या मालाच्या ट्रकलासुद्धा," फोरमन म्हणाले.

काकू पहिल्यांदाच बोलली. "मी म्हणायची, अहो, कधी बायकोलाही तपासा. तर म्हणायचे, ज्याला बरोबर न्यायचं त्यालाच तपासतात. तू बस काठावर."

सगळे हसले. ती हसली नाही. जन्मभर ती काठावरच बसली होती.

तेवढ्यात...

थप. थप.

बाहेर, अंगणात पालथ्या घातलेल्या होडीवर.

मी खिडकीतून पाहिलं. कोणी नव्हतं.

थप, थप... सायकलच्या सीटवर.

मग मागच्या दारावर. दाराला आतून कडी होती.

म्हातारे मित्र पांढरेफटक पडले.

"परत आल्यावर तो असं करत नसे," ते पुटपुटले. "हे निघण्याआधीचं आहे."

निरूपणात कितीदा ऐकलंय, सुटलेला जीव मागे वळत नाही. ऐकणं वेगळं. मी मनात देवाचं नाव घेत राहिले.

आणि काकूच्या खांद्यावरची शाल दबली...

पुन्हा दबली.

मी शेजारीच होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

काकूने तिथे हात ठेवला आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. "किती वेळ लावलात हो..."

त्या रात्री ती पोटभर जेवली. सकाळी स्वतःच्या बुटांना नव्या नाड्या घातल्या. आता रोज नीट जेवते. "रिकाम्या पोटी निघू नये," म्हणते.

डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. घरचे खूश आहेत.

मी मात्र तिचा हात धरून झोपते. देवाकडे काय मागावं कळत नाही. ती राहावी म्हणावं, तर तिचा उजळलेला चेहरा समोर येतो.

काल झोपेतच तिने हळूच हात सोडवून घेतला...