थोडा खर्ज हवा

स्पीकर घ्यायचा तर आधी मला ऐकवायचा, अशी आमच्या ओळखीपाळखीत रीतच पडली होती. मी खुर्चीत बसायचो, डोळे मिटायचो आणि गाणारी बाई नेमकी कुठे उभी आहे ते बोटानं दाखवायचो. स्पीकरच्या चांगल्या जोडीच्या मधोमध आवाज असा उभा राहतो, की हात लावावासा वाटतो. माझं बोट कधी चुकलं नाही. गर्व म्हणा हवं तर, कमावलेला आहे.

मला न मानणारा एकच, माझा सुतार दोस्त. स्पीकरच्या पेट्या स्वतः बनवायचा. त्याला खर्ज लागायचा, छातीत घुमणारा. मला गळा स्वच्छ हवा. मी ऐकायला बसलो की हा खुर्चीमागे उभा राहून पुटपुटायचा, "थोडा खर्ज हवा." जन्मभर भांडलो, पण दोघांपैकी कुणी तसूभर हललं नाही.

तो गेला. मग एके दिवशी वहिनींनी बोलावलं. "भावजी, या पेट्या लेकीकडे पाठवायच्यात. एकदा ऐकून नीट लावून द्या."

दुपार होती. खोलीत अजून भुशाचा आणि सरसाचा वास होता. मी खर्जाचं बटण पार खाली आणलं. अखेर जिंकलो, असं वाटलं. खोटं कशाला बोलू? गाणं लावून डोळे मिटले. आवाज लख्ख झाला... आणि हळूहळू सरकत माझ्या पाठीमागे गेला. बोट आपसूक खांद्यावरून मागे वळलं.

"भावजी," दारातून वहिनी हळूच म्हणाल्या, "तिथं तर... हे उभे राहायचे."

मी डोळे उघडले. मागे कुणी नव्हतं. खर्जाचं बटण मात्र पुन्हा वर गेलं होतं.

"वायरीत गडबड असेल," एवढं म्हणून मी निघालो. माझा कान चुकला, हे काही जिभेवर येईना.

तेव्हापासून घरी माझ्याच स्पीकरचा खर्ज रोज सकाळी वाढलेला असतो. बायको म्हणते, "तुम्हीच विसरत असाल." मी विसरत नाही. भीती वाटायची, तरी रोज मुकाट्यानं कमी करायचो. मेलेल्या माणसापुढेही मी हार मानणार नव्हतो.

काल सकाळी बटणाला हात लावला आणि तसाच मागे घेतला. खर्ज छान वाटत होता. नेहमीसारखा खुर्चीत बसलो, डोळे मिटले, गाणं संपेपर्यंत ऐकत राहिलो.

डोळे उघडले तेव्हा मी रिकाम्या खुर्चीच्या मागे उभा होतो...