रविवारचं चार्जिंग

“अठरा झाले गं, सुरुची!”

गाडीच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा प्रमिलाबाई लॉटरीचा निकाल वाचावा तशा मोठ्यानं वाचत होत्या. सोनकच्छ मागे पडल्यापासून एसी बंद होता आणि ऑक्टोबरचं ऊन थेट मांडीवर येऊन बसलं होतं. इंदूरला मावशी तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडायला तयार होती. सुरुचीनंच ऐटीत नको म्हटलं होतं. आता ती ऐट कुठल्या कुठे गेली होती. नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी, पहिलाच लांबचा प्रवास, आणि भोपाळ अजून बरंच दूर.

आष्ट्याच्या अलीकडे एका ढाब्यावर चार्जर दिसला, तेव्हा तिनं मनोमन हात जोडले. ते जरा लवकरच जोडले. गाडीला लावायच्या दोन गनपैकी एकीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, म्हणजे ती बंद. दुसरी एका राखाडी गाडीला लागलेली आणि गाडीत कुणीच नाही. काचेमागे फक्त एक पुठ्ठा: ‘जल्दी हो तो फ़ोन कीजिए. अंदर पोहा खा रहा हूँ.’ खाली नंबर.

सुरुचीनं फोन लावला. “हॅलो, वो... आपकी गाड़ी कितनी देर में—”

“अगं, विचार त्याला, प्लेट भरून घेतली की संपत आली!” प्रमिलाबाई मध्येच म्हणाल्या.

“आई, थांब ना जरा!”

पलीकडून हसू आलं. “काकूंना सांगा, प्लेट संपली. एक जिलबी तेवढी राहिलीय.”

ती जिलबी हातात घेऊनच तो बाहेर आला. उंच, जरासा वाकून चालणारा, चष्म्यावर धूळ. कौस्तुभ त्याचं नाव. मूळचा ग्वाल्हेरचा, आता भोपाळात कोलार रोडला राहायचा आणि एम. पी. नगरमध्ये एका आर्किटेक्टकडे काम करायचा. सुरुची त्याच एम. पी. नगरमध्ये कोचिंगच्या मुलांना फिजिक्स शिकवायची. दोघांची ऑफिसं एका चौकात, आणि भेट व्हायला आष्टा लागलं.

“घ्या, तुम्ही लावा,” त्यानं आपल्या गाडीची गन काढून तिच्यापुढे धरली.

“पण तुमचं अजून पूर्ण कुठे झालंय?”

“मी पोचून जाईन आरामात. काकूंचा चेहरा बघून मला जिलबी गोड नाही लागणार.”

गन घेताना त्याचं पाकाचं बोट तिच्या मनगटाला लागलं. “सॉरी!” दोघं एकदमच म्हणाले, आणि एकदमच हसले. भोपाळपर्यंत सुरुचीनं ते मनगट पुसलं नाही. कारण विचाराल तर तिनं सांगितलं असतं, हात स्टिअरिंगवर होते!

गाडी चार्ज होईपर्यंत प्रमिलाबाईंनी त्याची सगळी माहिती काढून घेतली. कोलारच्या त्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट लावू देत नव्हते, कमिटीचं काही ठरतच नव्हतं. बिचारा बाहेर जिथं जमेल तिथं गाडी चार्ज करायचा.

“मग रविवारी आमच्याकडे बाग सेवनियाला येऊन लावत जा नं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. नागपूरकर बाई, आग्रह अंगातच. “पोर्चमध्ये पॉइंट आहे. एवढा काय विचार करून राहिला?”

त्यानं विचार केला नाही. पुढच्याच रविवारी ग्वाल्हेरची तिळाची गजक घेऊन हजर.

घरच्या पॉइंटवर गाडी काही ढाब्यासारखी झटपट भरत नाही. आणि तेवढा वेळ माणसानं करायचं काय? कौस्तुभ चहा प्यायचा, सुरुचीच्या बाबांशी, अरविंदरावांशी, बुद्धिबळ खेळून हरायचा, पाटवडीचा रस्सा तिखट लागला तरी पुन्हा वाढून घ्यायचा. मग दुपारी पोर्चच्या पायरीवर दोघं बसायची. तो घरांचे नकाशे काढायचा, ती त्यात खोडी काढायची.

“या घरात उन्हाला यायला जागाच ठेवली नाही तुम्ही.”

“तुम्ही खिडकीत बसणार असाल तर ठेवतो.”

“असं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता?”

“गिऱ्हाइकांना बिल देतो. हे... फुकट आहे.”

एका रविवारी मात्र गाडी जेवणाआधीच भरली आणि कौस्तुभ निघून गेला. त्या दिवशी दुपार संपता संपेना. सुरुचीनं पेपर तपासले, कपाट आवरलं, आणि शेवटी स्वतःशी कबूल केलं की आपल्याला हा माणूस आवडतो. अगदी मनापासून आवडतो.

चार्जरच्या खोक्यावर विजेचा प्रवाह कमी-जास्त करायचं एक बटण होतं. प्रवाह कमी केला की चार्जिंगला वेळ जास्त लागतो, हे ती रोज मुलांना फळ्यावर शिकवायची. पुढच्या रविवारी कौस्तुभ यायच्या आधी तिनं ते बटण दाबून दाबून सगळ्यात खाली आणून ठेवलं. गाडी संध्याकाळपर्यंत भरली नाही. दर रविवारी ती हेच करू लागली. मनाला थोडी टोचणी लागायची... पण थोडीच.

जानेवारीत नागपूरहून आत्याचा फोन आला. विक्रांत नावाचा मुलगा, चांगली नोकरी, चांगलं घर. पुढच्या सोमवारी सुट्टी आहे तर सगळे या. आईबाबांनी तिला विचारलं. नाही म्हणायला तिच्याकडे सांगण्यासारखं काय होतं? एक माणूस दर रविवारी गाडी चार्ज करायला येतो, एवढंच. ती हो म्हणाली.

कौस्तुभला तिनं हे मुद्दाम सांगितलं, त्याच्याकडे टक लावून. त्याचा हात बुद्धिबळाच्या पटावर थबकला.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. मग प्यादं पुढे सरकवत म्हणाला, “वाटेत बैतूलला थांबा. तिथला चार्जर भरवशाचा आहे.”

मेल्याला चार्जर सुचला! तो आठवडाभर तिला जेवण गेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मावठ्याचा पाऊस पडत होता. कौस्तुभ नेहमीसारखा आला, गाडी लावली, आत न येता पायरीवर बसून राहिला. उद्यासाठी सुरुचीची गाडी पूर्ण भरायला हवी होती.

“आज तुमची काढावी लागेल,” ती कोरड्या आवाजात म्हणाली. “मला लांब जायचंय.”

“मी काढतो—”

“राहू द्या. बघते किती झालीय.” आणि तो उठायच्या आत तिनं त्याच्या गाडीचं दार उघडलं. पडद्यावर आकडा होता... एक्क्याण्णव.

“हे काय? तुम्ही तर आत्ताच आलात!”

कौस्तुभच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “मतलब... सोसायटीत पॉइंट मिळाला.”

“कधी?”

“दिवाळीत.”

“दिवाळीत? मग दर रविवारी गाडी रिकामी कशी असायची?”

“शनिवारी फिरवून आणायचो. भोजपूरच्या देवळाला जायचो, परत यायचो, परत जायचो. तिथला हारवाला विचारतो, भैया, कौन-सी मन्नत है?” तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. “काल मात्र मन नाही झालं. तुम्ही नागपूरला चालल्यात म्हटल्यावर... कशासाठी फिरवायची?”

सुरुचीनं गाडीचं दार लावलं. पावसाचे थेंब पोर्चच्या पत्र्यावर वाजत होते.

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही का नाही बोललात?” त्यानं चार्जरच्या खोक्याकडे बोट केलं. “हे सगळ्यात खाली कुणी आणून ठेवलंय?”

“तुम्हाला... माहीत होतं?”

“मॅडम, किती वेगानं चार्ज होतंय ते माझ्या गाडीत दिसतं! फिजिक्स शिकवता आणि एवढं विसरलात?”

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढे रविवार! आणि तिला वाटत होतं, आपण किती हुशार.

“वाटायचं, माझ्यासाठीच केलं असेल,” कौस्तुभ हळूच म्हणाला. “मग वाटायचं, छे, घराची वायरिंग जुनी असेल. विचारलं आणि वायरिंगच निघाली तर... रविवार जायचा ना हातचा.”

सुरुचीनं हात खाली घेतले. “वायरिंग अगदी नवीन आहे,” ती म्हणाली. “मला तू आवडतोस, कौस्तुभ. मला नागपूरला जायचं नाहीये.”

त्या ‘तू’नं तो पुरता विरघळला. चष्मा काढून पुसत बसला, कितीतरी वेळ. मग म्हणाला, “मी काकांशी बोलू? आत्ता?”

“बोल. पण आज त्यांना बुद्धिबळात हरवू नकोस.”

“आजपर्यंत कुठे हरवलंय?”

तो आत गेला. दारातून प्रमिलाबाईंचा आवाज आला, “अहो, आत्याला फोन लावा आधी. पोरगी बोलली एकदाची!” म्हणजे आईला सगळं कळत होतं तर. सुरुची पायरीवर बसून भिजल्या मातीचा वास घेत राहिली. ती इतकी सुखी यापूर्वी कधी झाली नव्हती.

थोड्या वेळानं कौस्तुभ बाहेर आला आणि तिच्याशेजारी टेकला. यावेळी अंतर न ठेवता.

“हो म्हणाले?”

“पट मांडायला गेलेत. मतलब हो.” त्यानं चार्जरकडे पाहिलं. “तुझी गाडी लावायची ना?”

“कशाला? कुठे जायचंय मला?”

“मग माझी शंभर व्हायला किती वेळ लागेल, मॅडम?”

सुरुचीनं बटणाकडे हात नेला, ते तसंच सगळ्यात खाली असल्याची खात्री केली.

“या वेगानं? जेवणाची वेळ होईल.”

“मग जेवूनच जातो,” कौस्तुभ म्हणाला, आणि तिचा हात त्यानं हातात घेतला.